दर मंगळवारचं गाऱ्हाणं

रविवारी सकाळी आम्ही पाच फॅमिली डॉक्टर मुलुंडला एका मैत्रिणीच्या दवाखान्यात जमतो. नियम एकच: डोक्याला ताप झालेल्या पेशंटबद्दल बोलायचं, आणि बाकीच्यांनी औषध सुचवायचं नाही. डॉक्टरांना हे फार जड जातं. सुरुवातीला तर आम्ही एकमेकांच्या गोळ्याच बदलत बसायचो.

त्या रविवारी मी फणकाऱ्यातच गेले होते. भांडुपच्या माझ्या दवाखान्यात दर मंगळवारी एक आजोबा येत, पूर्वीचे गिरणी कामगार. रिपोर्ट सगळे नॉर्मल. तरी खुर्चीत टेकले की सुरू: गुडघा, मग गॅस, मग झोप, मग कानातली सूं सूं. एकाचं औषध सांगेपर्यंत दुसरं हजर, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर तापाने फणफणलेली पोरं ताटकळत बसलेली. आता दुसरा डॉक्टर बघा, असं मी त्यांना येत्या मंगळवारी स्पष्ट सांगणार होते.

"वैताग आलाय यार," मी म्हटलं. "दर आठवड्याला तेच गाऱ्हाणं!"

आमच्यातला एक जण कुडाळचा. कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे माझा मुलाहिजा ठेवत नाही. इडली खाता खाता तो थांबला.

"आजोबा कुठले?"

"तुमच्याकडचेच. मालवणी."

"मग ते गाऱ्हाणं घालत असताना तू मध्ये मध्ये काय बोलतेस?"

"म्हणजे काय? औषध सांगते!"

तो हसायला लागला. "अगं, आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बस्स. मध्येच कोणी उपाय सांगायला लागला तर वाट लागली ना! बिचाऱ्याला परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

सगळे हसले. मला राग आला. मी काय देवळातली मूर्ती आहे? रिक्षात बसल्यावरही मी धुसफुसत होते. पण आजोबांचं गाऱ्हाणं संपतं कुठे, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी ते कधी संपूच दिलं नव्हतं.

मंगळवारी आजोबा आले. मी पेनाला टोपण लावलं. गुडघा झाला, मी म्हटलं, "होय." गॅस. "होय." 'म्हाराजा' काही तोंडातून निघेना. झोप झाली, कानातली सूं सूं झाली. मग ते थांबले, माझ्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिले. ते हळूच म्हणाले, "घरवाली आता माका वळखणा नाय. मी तिका परको वाटतंय. 'तुमी कोण?' म्हणान इचारता."

तरी मी "होय" एवढंच म्हटलं.

"हय भायर बसता ता चेडू माका नावान हाक मारता," रिसेप्शनवरच्या मुलीच्या दिशेने बोट करत ते म्हणाले. "म्हणान येतंय."

दुसऱ्या डॉक्टरचा विषय मी काढला नाही. पुढच्या मंगळवारी रिसेप्शनवरच्या मुलीला मी थांबवलं, स्वतः दार उघडलं आणि त्यांना हाक मारली. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.