भेगा टाळून घेतलेली मापं

डॉ. कुमुदिनी इनामदार यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मृदाशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला. मॅडमनी प्रत्येकाच्या तळहातावर ओल्या मातीचा एकेक गोळा ठेवला आणि तो मळून अंगठ्याने त्याची पट्टी काढायला सांगितली. पट्टी जितकी लांब निघेल तितकी माती चिकण, एवढंच त्या दिवशी शिकायचं होतं. मी नारायण पेठेतला, इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. मी विचारलं, "मॅडम, हातमोजे मिळतील का?" त्या म्हणाल्या, "मिळतील की. फक्त मग माती हातमोज्यांना समजेल, आपल्याला नाही." वर्ग हसला. मी बाह्या वर केल्या आणि पुढची सात-आठ वर्षं त्यांच्याच हाताखाली राहिलो.

मॅडमच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. संपादकांनी माझ्याकडे 'आठवणी' मागितल्या आहेत. आठवणी पुष्कळ आहेत, पण त्यातली एक मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. ती न सांगता गौरव केला तर तो अर्धाच होईल, आणि मॅडमना अर्धवट काम अजिबात खपत नाही, हे त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे.

आधी त्या मातीविषयी सांगायला हवं. पुण्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे, एका गावाच्या वर गुरं चारण्याचा मोठा माळ आहे. डोंगरावर चिकणमाती सहसा टिकत नाही, पावसाबरोबर खाली उतरते. हा माळ मात्र बशीसारखा खोलगट असल्यामुळे भोवतालच्या उतारांवरची बारीक माती पिढ्यान्‌पिढ्या तिथे येऊन साचली आहे. उन्हाळ्यात ती इतकी आकसते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पावसात ती फुगते, भेगा मिटतात आणि वर पाणी तुंबतं. खड्डा खणून पाहिलं तर आतल्या भिंतीवर गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात, कारण फुगताना मातीचे थर एकमेकांवर घासत असतात. पोटात पाणी भरपूर असूनही ही माती ते गवताच्या मुळांना सहजासहजी देत नाही. मॅडम म्हणायच्या, "हिला एकदा भेटून मत बनवू नका. ही दोन ऋतूंत दोन निरनिराळ्या बायका आहेत."

दुर्दैवाने मी तिला एकदाच भेटलो होतो.

झालं असं की, हा माळ गुरांसाठी बंद करून तिथे झाडं लावावीत असा प्रस्ताव आला आणि मातीचा अहवाल देण्याचं काम मॅडमकडे आलं. गुरांच्या खुरांनी जमीन दडपली गेली आहे का आणि पाणी तिच्यात मुरतं का, हे पाहायचं होतं. त्या वर्षी मॅडमच्या सासूबाई आजारी होत्या, म्हणून मे महिन्यात मोजमापाला मी एकटाच गेलो. काम सोपं असतं. जमिनीत लोखंडी कडं ठोकायचं, त्यात पाणी ओतायचं आणि ते किती वेळात मुरतं हे घड्याळावर पाहायचं. पहिल्याच ठिकाणी कडं भेगेवर बसलं आणि पाणी क्षणात नाहीसं झालं. माप घ्यायला काही उरलंच नाही. मग मी शहाणपणा केला. भेगा टाळून, मधल्या घट्ट ढेकळावर कडं ठोकलं. आता पाणी तासन्‌तास तसंच राहू लागलं आणि माझी वही सुबक आकड्यांनी भरत गेली.

माळावर गुरं राखणाऱ्या धाकूबाई हे सगळं बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरं बाबा, उन्हाळ्यात माळ बघून काय कळतंय? पावसात ये. पाय घातला की समजंल." मी हसून मान डोलावली आणि पुढचं कडं ठोकलं.

माझ्या आकड्यांवरून निष्कर्ष सरळ निघाला. जमिनीत पाणी मुरत नाही, खुरांनी ती दडपली आहे, सबब चराई बंद करावी. मॅडमनी सही केली. अहवाल गेला, बंदीची तयारी सुरू झाली आणि गावातल्या दोन घरांनी म्हशी विकायला काढल्या.

मॅडमची एक सवय होती. अहवाल दिल्यावरही त्या मूळ नोंदवही पुन्हा वाचत. जूनमध्ये एके दुपारी त्यांनी मला बोलावलं. वही उघडी होती आणि शेऱ्याच्या रकान्यावर त्यांचं बोट होतं. प्रत्येक नोंदीसमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भेग टाळून'.

"हे काय आहे?"

"मॅडम, कडं भेगेवर बसलं की पाणी निघून जातं. आकडाच येत नाही."

"निघून कुठे जातं?"

"खाली," मी म्हणालो. "मातीत."

बोलून झाल्यावर मला समजलं. पाणी मातीत जातं की नाही हेच तर मोजायला मी गेलो होतो, आणि जिथून ते जात होतं तेवढीच जागा सोडून मी सगळा माळ मोजला होता. मॅडम रागावतील म्हणून मी उभाच राहिलो. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "पावसाळी बूट आहेत का आपल्याकडे?"

जुलैत आम्ही दोघं माळावर गेलो. मॅडमनी धाकूबाईंना नमस्कार केला आणि "तुम्ही काय बघता ते आम्हाला दाखवा" म्हणाल्या. धाकूबाईंनी टाच मातीत रोवली आणि पाय उचलला. खळग्यात लगेच पाणी साचलं.

"असं पानी आलं की गुरं वर न्हाईत. खालच्या मुरमाड उतारावर न्यायची. टाच कोरडी ऱ्हायली की मग मोकळीक. माझ्या सासूनं शिकिवलं, तिला तिच्या सासूनं."

ओल्या चिकणमातीवर गुरं फिरली तर ती दडपते, आणि कोरडी असताना तिला खुरांचा फारसा त्रास होत नाही, हे आमच्या पुस्तकात होतं. धाकूबाईंकडे ते टाचेत होतं. मॅडमनी स्वतःच्या चपला काढल्या, तीन-चार ठिकाणी टाच रोवून पाहिली आणि प्रत्येक वेळी धाकूबाईंना विचारलं, "इथे सोडाल का गुरं?" पन्नाशीच्या प्राध्यापक बाईंना मी तोवर असं विद्यार्थिनीसारखं प्रश्न विचारताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तितकीच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी गावच्या शाळेत अधिकारी आणि गावकरी यांची बैठक झाली. मॅडम उठून म्हणाल्या, "माझा अहवाल चुकला आहे. मोजताना भेगा टाळल्या गेल्या. चराई बंद करण्याची गरज नाही. फक्त ओल्या आठवड्यांत गुरं खाली ठेवावीत, आणि ते हे लोक आधीपासूनच करत आहेत." एका साहेबांनी विचारलं, "मोजमाप कोणी केलं होतं?" मी दुसऱ्या रांगेत होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "सही कोणाची आहे ते बघावं."

मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही.

बंदी बारगळली. माळ आजही चराईला मोकळा आहे. पण पुण्यात परतल्यावर मॅडमना त्याचं मोल द्यावं लागलं. विभागप्रमुखपद जवळजवळ ठरलेलं होतं, ते दुसऱ्यांकडे गेलं. 'ज्यांचा स्वतःच्या अहवालावर विश्वास नाही' अशी कुजबुज मी व्हरांड्यात माझ्या कानांनी ऐकली आणि तिथेही गप्प राहिलो. पुढे लोणी काळभोरला मला नोकरी मिळाली ती मॅडमच्या शिफारसपत्रावर. मुलाखतीत प्राचार्यांनी त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं: 'यांच्या नोंदवहीत यांची चूकही स्वच्छ अक्षरात सापडते.' प्राचार्यांना तो विनोद वाटला. माझे मात्र डोळे भरून आले.

मॅडमचं आजचं आयुष्य कोथरूडच्या सोसायटीत, त्यांच्या शब्दांत, 'माळीबुवांशी वाद घालण्यात' जातं. बागेत रोज पाइप सोडला जात असे, म्हणून त्यांनी तिथे स्वहस्ते पाटी लावली आहे: 'येथील मातीस पाणी पुरे झाले आहे. आपणास हौस असल्यास घरी अंघोळ करावी.' पाटीवरून सोसायटीत सभा झाली. पाटी अजून आहे, आणि बाग पूर्वीपेक्षा बरी आहे. नव्या संशोधक मुलामुलींना त्या आजही 'अहो'च म्हणतात, चहा स्वतः करतात आणि आकडे दाखवायला आलेल्याला आधी विचारतात, "पावसात गेला होतात का?"

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना जाऊन भेटलो आणि काय लिहिणार आहे ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "गौरवग्रंथात माझी चूक छापणार? बरं झालं, बाकीचे लेख फार गोड असणार आहेत." मी म्हणालो, "आपली नाही मॅडम, माझी." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "तुमची मुलं कॉलेजात आहेत आता. विद्यार्थी वाचतील. कशाला?" पंचवीस वर्षांनीही त्यांना काळजी माझीच होती. मी चहा न पिताच उठलो.

तेव्हा वाचकहो, इथे छापील अक्षरात लिहितो: ती मोजमापं माझी होती, चूक माझी होती आणि गप्प बसलो तोही मीच. एका माणसाने दुसऱ्याची चूक इतक्या सहज आपल्या नावावर घेतलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. मॅडमकडून मातीविषयी जे शिकलो ते रोज वर्गात शिकवतो. हे मात्र अजून मला पुरतं जमलेलं नाही.

ग्रंथाच्या प्रकाशनाला त्या गावातून काही मंडळी येणार आहेत. धाकूबाई आता नाहीत, त्यांची सून येणार आहे. मी संयोजकांकडे पाच मिनिटं मागून घेतली आहेत. मॅडम, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, ही आम्हा सर्व विद्यार्थ्यांची प्रार्थना आहे. माझी एकट्याची विनंती छोटी आहे. त्या दिवशी आपण ठणठणीत असा, समोर बसा, आणि मी उभा राहिलो की एवढं एकदाच मला वाचवू नका.