सायकल माझ्याकडे आहे

चौकशीला माणूस येणार हे कळल्यापासून दिपा एका जागी बसत नव्हती. बेलपाड्यातल्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या शेजारी. नवरा रिक्षा चालवायचा, तो काविळीनं गेला. दिपा खारघरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटते आणि विधवांना मिळणारी सरकारी मदत घेते. त्या मदतीवर तिच्या मुलीची, आभाची, शाळेची व्हॅन चालते. शाळा हायवेच्या पलीकडे आणि सकाळी दिपा पोळ्यांवर. मदत थांबली की शाळा थांबली.

मदतीचं चाळीला कळलं आणि दिपाच्या अंगावरचं सगळं चाळीच्या मालकीचं झालं. तिनं टिकली लावली तरी चर्चा. माझ्याकडून नवा ब्लाउज शिवून घेतला, तर समोरचे कमळाकर मला ऐकू जाईल असं म्हणाले की आपण टॅक्स भरायचा आणि यांनी नटायचं. या माणसानं जन्मात कधी टॅक्स भरला असेल तर मी नाव बदलेन. मग मामानं आभाला लाल सायकल आणली आणि पाठोपाठ सरकारी कचेरीत निनावी तक्रार गेली, की हिला मदतीची गरजच नाही.

दिपानं घर रिकामं करायला घेतलं. मिक्सर माझ्याकडे आला, मग पडदे, भिंतीवरचं घड्याळ, शेवटी सायकल. मी चिडले. मिक्सर असला तर मदत बंद, असं कुठं लिहिलंय, विचारलं.

"लिवलेलं नसतं, रमावहिनी," ती म्हणाली. "बघणाऱ्याच्या डोल्यात असतं."

माणूस मात्र येईना. बाहेर मोटरसायकल थांबली की दिपा टिकली काढायची, गेली की पुन्हा लावायची. तिच्या पोळ्या करपायला लागल्या. आभा माझ्या शिलाई मशिनमागे सायकलजवळ बसून राही. घंटी दाबायची, पण वर तळहात ठेवून, आवाज होऊ नये म्हणून.

शेवटी सोमवारी तो आला. बरा होता बिचारा. दारातच दोन प्रश्न विचारले, भिंतींकडे पाहिलंसुद्धा नाही. काही बंद होणार नाही, काळजी करू नका म्हणाला. जाताना सहज आभाला विचारलं, सायकल चालवता येते का?

"माज्याकडं सायकल नाय," आभा म्हणाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी दिपा हसत सामान न्यायला आली. सायकलला हात लावला तशी आभा मध्ये आली. "काकूंकडंच राहू दे. कोन नसल तवा मी येऊन बगीन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिपानं सायकल उचलून चाळीसमोर ठेवली आणि आभाला वर बसवलं. कमळाकर ओट्यावर पेपर वाचत होते.

"वाजव घंटी," दिपा म्हणाली. "आपली हाय ती."

आभानं कमळाकरांकडे पाहिलं आणि घंटीवर तळहात ठेवला.