पडद्याच्या अलीकडचं माणूस

नाडी एकशे बत्तीस. पाच मिनिटांपूर्वी अठ्ठ्याहत्तर होती.

मी मॉनिटरकडे बघितलं, मग पेशंटचं मनगट हातात धरलं. मशीन खोटं बोलत नव्हतं. बीपीसुद्धा वर चाललेलं.

"अभिजित, ब्लीडिंग आहे का?" मी पडद्यापलीकडच्या सर्जनला विचारलं.

"छे! टूर्निकेचा पट्टा आवळलाय मॅडम, रक्त येणार कुठून? जखम कोरडी आहे. का?"

मी भूलतज्ज्ञ आहे. रत्नागिरीत गेली सत्तावीस वर्षं वेगवेगळ्या खाजगी हॉस्पिटलांत जाऊन भूल देते. भूल म्हणजे पेशंटला झोपवणं, असं लोकांना वाटतं. प्रत्येक वेळी तसं नसतं. पायाच्या ऑपरेशनला आम्ही बहुतेकदा स्पायनल देतो. कमरेत मणक्यांच्या मधून बारीक सुईने औषध सोडायचं. कमरेखालचा भाग दोन-अडीच तास बधिर होतो. पाय हलत नाहीत, दुखत नाहीत, आहेत की नाहीत तेही कळत नाही. माणूस मात्र पूर्ण जागा असतो. छातीवर हिरवा पडदा बांधलेला असतो. पलीकडे सर्जन, अलीकडे पेशंटचं डोकं आणि मी.

त्या दिवशी पडद्याच्या अलीकडे रेवाळेमावशी होत्या. गुहागरच्या पुढच्या एका वाडीतल्या, साठीच्या. गोठ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. हाडात रॉड घालायचा होता. त्यांना दमा होता, म्हणून झोपेचं औषध मी मुद्दाम दिलं नव्हतं. सुई टोचताना मी पाठीवरून हात फिरवून म्हटलं होतं, "मावशी, काही घाबरू नका. मी इथंच आहे."

नाडी अचानक वाढली की आम्ही एकेक कारण तपासतो. रक्तस्राव नव्हता. भूल उतरत असेल म्हणून मी पोटाच्या खालच्या बाजूला चिमटा काढला, त्यांना कळला नाही. हाडातली चरबी रक्तात जाऊन फुफ्फुसात अडकते, त्याची आम्हांला सगळ्यात जास्त भीती. पण ऑक्सिजन नव्याण्णव होता, श्वास स्वच्छ होता.

नाडी एकशे अडतीस.

"झोपवा ना मॅडम," अभिजित म्हणाला. "घाबरल्या असतील. रॉड गेलाय, आता फक्त स्क्रू राहिलेत."

दमा असूनही मी सिरिंजमध्ये अगदी थोडं झोपेचं औषध भरलं. ते सलाईनमध्ये सोडायला वाकले, तेव्हा मावशींचा चेहरा मला जवळून दिसला. डोळे सताड उघडे होते. पाणी कानात ओघळत होतं. ओठ हलत होते.

मी कान जवळ नेला.

"गो बाय," त्या पुटपुटत होत्या, "काढलात ना माजा पाय?"

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

गेली वीस मिनिटं आम्ही एका वेब सिरीजबद्दल बोलत होतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, गप्पा चालतात, त्यात नवीन काही नाही. त्या आठवड्यात सगळ्यांनी तीच सिरीज बघितली होती. तिच्यातल्या पैलवानाचा पाय कापावा लागतो. आमच्या गप्पा साधारण अशा चाललेल्या.

"पाचव्या भागात पाय काढला आणि सगळी मजाच गेली," अभिजित म्हणाला होता.

"मला ते लपवणं नाही आवडलं," शिर्के सिस्टर म्हणाल्या होत्या. "शुद्धीवर आल्यावर कळतं म्हणजे काय!"

आणि तिसरा आवाज माझा. "काढण्यावाचून इलाज नव्हता. आधी सांगितलं असतं तर सहीच केली नसती."

हे सगळं एका जाग्या बाईच्या डोक्यावरून चाललं होतं. तिला पाय कळत नव्हता. पलीकडून ड्रिलचा आणि हातोडीचा आवाज येत होता.

मी सिरिंज ट्रेमध्ये टाकली.

"मावशी, तुमचा पाय आहे. आम्ही एका गोष्टीबद्दल बोलत होतो. मोबाईलवर बघतात ना, त्यातली गोष्ट."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. विश्वास बसलेला नव्हता.

पलीकडे अभिजितला ऐकू गेलं. तो हसला. सिस्टरही हसल्या. "अहो मावशी, सिरीयल हो सिरीयल!" तो मोठ्याने म्हणाला. "तुमचा पाय घेऊन मी काय करू?"

नाडी एकशे चाळीस.

"अभिजित, पाय वर उचल. त्यांना दाखव."

"काय?"

"रॉड बसलाय ना? मग पाय उचल आणि वरचं गुंडाळलेलं काप. पाऊल पडद्यावरून दिसू दे."

"मॅडम, स्क्रू राहिलेत, टाके घालायचेत. बाहेर अजून दोन केसेस आहेत. मी इथं नाटक लावलेलं नाही. तुम्ही औषध द्या, झोपतील त्या."

"आणि झोपताना काय मनात घेऊन झोपतील?"

"उठल्यावर बघतील की पाय."

एवढी चिडून मी ओटीत कधी बोलले नव्हते. "दर पाच मिनिटांची नाडी मी चार्टवर लिहिते, तुला माहीत आहे. एकशे चाळीस का झाली तेही लिहीन. कोण काय बोललं, शब्द न् शब्द. माझ्या नावासकट. तो कागद फाईलला लागेल."

अभिजितने कात्री मागितली. पायावरचं कापड कापलं, टाच हातावर तोलली आणि पाऊल पडद्याच्या वर आणलं.

मी मावशींचं डोकं उचलून धरलं.

त्या बघत राहिल्या. "हा कोणाचा काळा पाय?"

आयोडीन! ऑपरेशनच्या आधी अख्खा पाय तपकिरी रंगवलेला असतो. मी सिस्टरना ओला गॉज मागितला आणि अंगठ्याची बाजू पुसायला सांगितली. खाली जुना वण निघाला, बोटभर लांब.

"विळ्याचा," मावशी म्हणाल्या. "लग्नाच्या वर्साचा. माजाच हाय." मग डोळे मिटले आणि हुंदका दिला. माझं बोट त्यांनी इतकं घट्ट धरलं की पुढचा अर्धा तास मी डाव्या हाताने चार्ट लिहिला.

नाडी हळूहळू ब्याण्णववर आली. त्यांना औषध लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी माफी मागायला गेले. मला वाटलं होतं, हसतील, "जाऊ दे गो बाय" म्हणतील. आपली माणसं डॉक्टरला फार लवकर माफ करतात. मावशी हसल्या नाहीत.

"मालकांचा पाय साखरेनं काढला," त्या म्हणाल्या. "मुंबैला. आमाला कुणी सांगितलंन नाय. ते उठले नि चादर वर केलीनी, तवा कळला. चार म्हयन्यांत गेले. मग मना कसा खोटा वाटंल?"

मी खाटेजवळचं स्टूल ओढून बसले.

"ते डॉक्टर नि ती शिष्टर, त्यांचा आवाज मना ठाऊक नव्हता. तुमचा ठाऊक होता. 'घाबरू नका' म्हणालात तोच आवाज. तोच म्हणत होता, काढण्यावाचून इलाज नाय."

सत्तावीस वर्षांत कुठल्या वरिष्ठाने मला इतकं झोडपलं नव्हतं.

महिन्याभराने आम्हा डॉक्टरांची बैठक होती. जेवताना अभिजितने हा किस्सा रंगवून सांगितला. "हा कोणाचा काळा पाय?" हे वाक्य त्याने मावशींच्या हेलात म्हणून दाखवलं. टेबल हसून लोटपोट. मी उभी राहिले आणि राहिलेला अर्धा भाग सांगितला, मावशींच्या नवऱ्याच्या पायाचा आणि त्या चादरीचा. हसणं थांबलं. कुणीतरी घाईघाईने सोलकढी वाढायला घेतली.

शेवटी एका ज्येष्ठांनी तोडगा काढला. स्पायनलच्या पेशंटला हेडफोन लावावा, भजनं ऐकवावीत. सगळ्यांना पटलं. त्या हॉस्पिटलमध्ये आता चांगल्यातला हेडफोन आहे. म्हणजे बोलणारी तोंडं उघडी ठेवायची आणि ऐकणारीचे कान बंद करायचे. मी तो वापरत नाही.

मावशी तीन महिन्यांनी काठीशिवाय चालायला लागल्या, असं मला सिस्टरांकडून कळलं. फॉलोअपला त्या दुसऱ्या हॉस्पिटलात जातात.

अभिजितबरोबर मी अजूनही काम करते. इथे हाडांचे सर्जन किती, आणि भूल देणारे किती! आमचं दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही. सुई टोचल्यावर मी पेशंटला सांगते की आता पाय कळणार नाहीत, पण ते जागेवरच असतील, आणि हवे तेव्हा दाखवायला लावीन. मग पडद्यापलीकडे सांगते की पेशंट जागा आहे. अभिजितला राग येतो. येऊ दे. काल बघितलेल्या सिरीजवर कुणाला मत द्यायचंच असेल, तर बाहेर चहाची टपरी आहे.