चांदरीची सुली

सोमवार, मी सहा वर्षांची असतानाचा, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यातला. ठिकाण औंधजवळ, यमाईच्या डोंगराखालचं मोकळं रान. शेतकऱ्याने खतासाठी आमची मेंढरं तिथे बसवली होती. हजर: आबा, म्हणजे माझे वडील; थोरला भाऊ बिरादादा; मला न्यायला सांगलीहून आलेला मामा; आणि चांदरी. चांदरी ही शेळी. तिला हजेरीत धरते, कारण आई मला जन्म देऊन गेली आणि पुढचं सगळं चांदरीने केलं.

त्या दिवशी आबांनी तिला बाभळीला बांधलं होतं. एरवी ती कधी बांधलेली नसायची. मामाने आणलेला फ्रॉक घालून मी एसटीच्या रस्त्याकडे निघाले तशी ती ओरडायला लागली. मी वळून तिच्यासारखंच ओरडले. आबा म्हणाले, "सुले, माणसावाणी बोल. आता माणसांत चाललीस." एवढंच. मग ते मेंढरं वळवायला गेले.

बिरादादा, हे तुझ्यासाठी लिहिते आहे, आणि माणदेशातून सांगली-कराडकडे येऊन राहिलेल्या आपल्या सगळ्यांसाठी. आपलं फोनवरचं बोलणं हल्ली भांडणावर जातं. प्रश्न एकच आहे: आबांनी यापुढे माझ्याकडे सांगलीत राहायचं की गावी. तू मेंढरं विकतो आहेस, पोरगा महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, वहिनी दिवसभर घरात एकट्या. आबांची नजर अधू झाली आहे आणि घरामागची विहीर उघडी आहे. हे सगळं मला माहीत आहे. तरीही निर्णय होत नाही. का होत नाही, ते लिहून बघते.

चांदरीचं पहिलं करडू मी जन्मले त्याच सुमाराला मेलं. आबांनी त्याचं कातडं सोलून माझ्याभोवती गुंडाळलं आणि मला तिच्या सडाखाली धरलं. पोरक्या कोकराला दुसरी मेंढी लावायची आपल्याकडची ही जुनी रीत. माणसाच्या लेकराला लावलेली कुणी पाहिली नव्हती. चांदरीने हुंगलं आणि पान्हा सोडला. मग आबा रोज कातड्याचा थोडा थोडा भाग कापत गेले. शेवटी नुसती मी उरले, तरी तिने मला लाथाडलं नाही. आबा म्हणायचे, "वास एकदम बदलायचा न्हाई. जनावर बिथरतं."

मी करडांबरोबर रांगले, थंडीत त्यांच्या मधोमध झोपले. चांदरी फुरफुरली की लांडगा जवळ आहे हे कळायचं, आणि मी करडांसारखीच तिच्या मागे जाऊन उभी राहायचे. आबा आणि दादा दिवसभर मेंढरांमागे. माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून शब्द उशिरा आले. मला त्यांची गरजही वाटली नव्हती.

मामी वाईट नव्हती, हे आधी नोंदवते. तिने पहिल्याच दिवशी मला शिकेकाईने घासून न्हाऊ घातलं, केस कापले, आणि मी बरोबर आणलेला घोंगडीचा तुकडा बंबात घातला. "पोरीच्या अंगाला वास मारतोय, शेजारीपाजारी काय म्हणतील!" हे तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. शाळेत माझं नाव सुलभा झालं. मी डबा आधी हुंगायचे, नळाला तोंड लावून पाणी प्यायचे. कुणी अंगावर आलं की डोकं खाली घालून ढुशी द्यायचे. एका मुलीला अशी दिली की तिचा दात पडला. बाईंनी कारण विचारलं. कारण होतं, पण ते मराठीत सांगता येत नव्हतं. मुली मला पाहून बें-बें करायच्या. त्या करडाचा भुकेचा आवाज काढायच्या आणि समजायच्या की मला चिडवताहेत. मला खरंच डब्याची आठवण व्हायची.

वर्षाने सुट्टीत मेंढरांच्या तळावर गेले. चांदरी धावत आली, माझ्या साबणाच्या अंगाला नाक लावलं, आणि शिंगाने मला बाजूला सारून निघून गेली. आबा हसून म्हणाले, "वळख इसरली गं तुझी." मी हसले नाही. इकडे माझ्या अंगाला शेळीचा वास येत होता आणि तिकडे माणसाचा.

आज मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. चादरी, सिलिंडर, रजेचे अर्ज, सगळं माझ्या हाताखालून जातं. जत-आटपाडीकडून नवीन मुलगी आली की तिची घरची वाकळ पहिला महिनाभर धुवायची नाही, असा माझा नियम आहे. स्वयंपाकाच्या मावशी नाक मुरडतात. नियम बदललेला नाही.

दिवाळीला आबा आले तेव्हा मी तयारी चोख केली होती. न्हाणीघरात धरायला दांडी, उंचीला बसेल अशी कॉट, भाकरी करणारी बाई. घोंगडी तशीच ठेवली, धुतली नाही. आबा तक्रार करत नाहीत. गॅलरीत बसून ऐकत राहतात. एकदा म्हणाले, "हितं आवाज लय हाय, पर जित्राबाचा एक न्हाई."

आणि मग गेल्या पंधरवड्यात, मी कामावर गेल्यावर ते जिना उतरून निघून गेले. बायपासने एक कळप चालला होता, त्याच्या मागे. दुपारी सापडले ते उसाच्या फडाशेजारी, बसलेल्या मेंढरांच्या मधोमध, उकिडवे. मी हाका मारल्या. मान वळली नाही. मेंढक्या म्हणाला, "आवं ताई, सकाळधरनं म्हातारबांनी एक शबुद काढला न्हाई. मला वाटलं, मुकं हायती." मी आणखी हाका मारल्या. शेवटी ऑफिसच्या साडीत, रस्त्यावरची माणसं बघत असताना, मी करडू चुकल्यावर ओरडतं तशी ओरडले. आबा उठून माझ्याकडे चालत आले.

रिक्षात त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. म्हणाले, "तू बी अशीच बसली व्हतीस, सुले." आणि दादा, त्यांनी जे सांगितलं ते तुला माहीत होतं का, मला माहीत नाही. उस्मानचाचा या बकऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या गाडीत आपली करडं भरली, तेव्हा मीही त्यांच्यात चढून बसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाजारात करडं उतरवताना सापडले. चाचा मला सायकलवरून परत घेऊन आले आणि आबांना म्हणाले, "पोरीला किती हाका मारल्या, माणसाकडं बघंना. हिला माणसांत न्या. न्हाईतर एक दिस दुसरा कुनी हाकून न्हील." आबा म्हणाले, "मग तुज्या मामाला सांगावा धाडला. साळा हे निमित्त."

मी पन्नाशीला आले. इतकी वर्षं समजत होते की मला शिकवायला पाठवलं. आबांनी भीतीपोटी पाठवलं होतं. तीच भीती आता माझ्या पोटात आहे.

तू फोनवर म्हणालास, "दाराला कुलूप लावून जा की गं. रातच्याला मेंढरांस्नी वाघर लावतोच की आपण." मी म्हटलं, "दादा, ती जाळी लांडग्यासाठी लावतात." तू म्हणालास, "मग सांगलीत लांडगं न्हाईत व्हय?" आपण दोघं हसलो. मग फोन ठेवला.

कुलूप लावलं तर आबा सुरक्षित राहतील. गावी पाठवलं तर त्यांच्या वासात राहतील आणि एखाद्या दिवशी विहिरीत जातील. घर म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर आज मी एवढंच सांगेन: जिथे आपण आत आल्यावर कुणी हुंगून बघत नाही. माझ्यासाठी तशी जागा हा फ्लॅट झाला, पण त्याला अर्धं आयुष्य लागलं. आबांकडे तेवढा वेळ नाही.

झालेली कामं कळवते. वॉचमनला सांगून ठेवलं आहे. आबांच्या बंडीच्या खिशावर माझा नंबर शिवला आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दाराला बाहेरून लावायची कडी आणली आहे, सुतार उद्या येतो. आबांना स्वतःला कुठे राहायचं आहे, हे विचारायचं राहिलं आहे. रोज सकाळी त्यासाठी म्हणून चहा घेऊन गॅलरीत जाते, आणि रिकामा कप घेऊन परत येते.