कमरेएवढ्या पाण्यातल्या आपा

आपांना पोहता येत नव्हतं. भद्रावतीच्या आमच्या कॉलनीतल्या तरणतलावात त्यांनी कित्येक वर्षं बायकांना पाण्यातला व्यायाम शिकवला, किती गुडघे आणि किती कमरा मार्गी लावल्या त्याला गणती नाही, पण स्वतः कधी छातीच्या वर पाण्यात गेल्या नाहीत. तलावाच्या मध्यावर एक लाल रेघ होती, तिच्यापलीकडे पाणी खोल. नवीन बाई आली की त्या रेघ दाखवून सरळ सांगायच्या, "याच्या समोर कोनी जाऊ नका. मी बुडाली तं तुमालेच काढा लागन." पोहता न येणाऱ्या बाईच्या भरवशावर आम्ही पाण्यात उतरतो, हे माझ्या नवऱ्याला कधी पटलं नाही. मी त्यांना म्हणायचे, तुम्हाला स्वयंपाक येत नाही, तरी भाजीत मीठ कमी आहे हे बरं कळतं.

आपांच्या यजमानांचं गावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आपा स्वतः आधी चंद्रपूरला एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली काम करत. तिथं त्यांचीच कंबर धरली, आणि त्या बाईंनी त्यांना पाण्यात उभं करून बरं केलं. ती विद्या घेऊन त्या इकडे आल्या आणि कॉलनीच्या मोठ्या साहेबांच्या मागे लागून दुपारचे दोन तास बायकांसाठी मागून घेतले. सुरुवातीला आम्ही काठावरच कपडे ओढत, लाजत बसायचो. आपा ओढणी कमरेला आवळून उतरायच्या आणि म्हणायच्या, "आपुन काय सिनेमा काढून राह्यलो का इथी? उतरा." तास संपला की प्रत्येकीच्या हातावर मूठभर फुटाणे. पाण्यातून निघालं की भूक लागते आणि उपाशी राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी येत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

माझी आई मूल तालुक्यातल्या धानाच्या गावातली. बाबा गेल्यावर एकटी राहायची, शेत बघायची. एका हिवाळ्यात अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चला. पण आई पाऊल टाकेना. पाय पुढे घेतला की तिला घाम फुटायचा. असंच राहिलं तर पाय आखडेल आणि मग जन्मभर खाटेवर, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी आणि भावानं घराला कुलूप लावून तिला माझ्याकडे ठेवायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं. आई मात्र रोज एकच बोलायची, "मले माह्या घरी जाचं हाय."

मी तिला रिक्षात घालून तलावावर नेलं. दोन दिवस मी पाण्यात तिचा दंड घट्ट धरून उभी, आणि ती माझ्या गळ्यात. तिसऱ्या दिवशी आपांनी मला काठावर काढलं. "तू धरते म्हणून तिले वाटते का आपुन पडणारच हावो. पाण्यात कोनी पडत नाई. तू तिकडं बस अन् तोंड फिरव." मला इतका राग आला की त्या दिवशी मी फुटाणेसुद्धा घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी मात्र एक गंमत झाली. आपांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "चला बाई." आईनं क्षणभर पाण्याकडे पाहिलं, कमरेत किंचित वाकली आणि मागे मागे चालायला लागली. एक पाऊल, दोन, पाच. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. आपा हसल्या नाहीत. "असं काऊन, बाई?"

आई म्हणाली, "पाण्यात असंच चालतेत, आपाबाई. समोर गेलं तं रोवलेलं धान पायाखाली येते."

चाळीस वर्षं बाईनं चिखलात उलटं चालत रोवणी केलेली. पाणी लागलं की पाय आपोआप मागे. आपांनी तिला एका शब्दानं दुरुस्त केलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तुकडीलाच उलटं चालायला लावलं. साहेबांच्या बायका वाकून रोवणी करताहेत आणि आई त्यांना सांगते आहे, टाच अशी नको, बोटं आधी टेकव. आईला मी कित्येक महिन्यांनी कुणावर तरी ओरडताना ऐकलं, आणि मला रडू आलं.

पंधराएक दिवसांनी आपा तिच्याशी तिच्या शेतातल्या खोडकिडीबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता त्या स्वतःच मागे चालू लागल्या. हात आईच्या हातात. आई बोलण्याच्या भरात त्यांच्याबरोबर सरळ पुढे चालत आली, पार भिंतीपर्यंत. मग आपांनी हात सोडले.

रोवणीच्या आधी आई गावी गेली. काठीसुद्धा नेली नाही. मी आपांशी भांडले, म्हणाले, तुम्ही तिला माझ्या घरातून पळवून लावलं. आपा ओले केस पिळत म्हणाल्या, "तुह्यासाठी थोडीच बरी केली मी तिले." त्या वाक्यावर मी आठ दिवस धुमसत होते. मग पत्र आलं, भावाच्या हातचं. रोवणी झाली, आईनं शेतातल्या चार बांध्या स्वतः रोवल्या.

पुढे काही वर्षांनी आपा अचानक गेल्या, झोपेतच. मी आईच्या गावातल्या टेलिफोनवाल्याकडे निरोप ठेवला, वर हेही सांगितलं की उन्हाचं येऊ नको. दुपारी आपांच्या घरी पोचले तर आई तिथं बायकांमध्ये बसलेली. दोन एसट्या बदलून, स्टँडवरून चालत आली होती.

जनाजा उचलला. बायका उंबऱ्याशी थांबल्या. आई उठली आणि पुरुषांच्या मागून चालू लागली. गल्लीच्या तोंडाशी मी तिला गाठलं. "आई, बाया इथंच थांबतात."

"थांबू दे त्यायले," आई म्हणाली. "मले तिनं चालाले शिकवलं हाय."

आपांच्या मुलानं मागे वळून पाहिलं. खांदा देणाऱ्यांना तो हळूच काहीतरी बोलला, आणि सगळ्यांची चाल आईच्या पावलाला जुळेल इतकी संथ झाली.