नंबर थिअरीचं मराठी

लहानू रामटेके रायपुरात जन्मला, रायपुरातच वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. एवढ्या आयुष्यात त्याने हट्ट एकच धरला: घरात मराठी. बाहेर सगळं शहर हिंदी बोले, मुलगी चेतनाही उत्तर हिंदीतच देई. पण लहानू प्रश्न मराठीतच विचारी. आणि एखाद्या वस्तूला मराठी नाव नसेल तर ते स्वतः पाडी. फ्रिजला तो शीतपेटी म्हणायचा. बायको माया म्हणायची, "शीतपेटीत मुडदा ठेवतात. मी भाजी ठेवते."

चेतना कॉलेजात गणित आणि संगणक अशी जोड डिग्री करत होती. लहानूने ती आपल्या परीने समजून घेतली होती: एका कपलिंगने जोडलेले दोन डबे. विषयांचंही त्याने मराठी केलं होतं. रिअल अ‍ॅनालिसिसचं 'खरं विश्लेषण' झालं तेव्हा मायाने विचारलं, "म्हंजे आतापर्यंत खोटं शिकवलं का?" मशिन लर्निंगची 'यंत्रांची शाळा' झाली. तिसऱ्या वर्षी एक विषय आपल्या पसंतीने निवडायचा होता. चेतना म्हणाली, नंबर थिअरी. लहानूने डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाला, "अंकशास्त्र."

शब्द चांगला होता. गडबड एवढीच, की नावाचं स्पेलिंग बदलून नशीब फिरवून देणाऱ्यांनी तो आधीच घेऊन ठेवला होता.

चष्मा बदलायला गेला तेव्हा लहानूने तो शब्द तात्यापारा मोहल्ल्यातले चष्म्याचे दुकानदार श्यामकांत मोघे यांना ऐकवला. मोघ्यांची नात गंधाली चेतनाच्याच वर्गात होती. मग रविवारी विहारात, वंदना झाल्यावर, सचिव धम्मदीपला ऐकवला. धम्मदीप सतरंजीची घडी करत होता. तो थांबला.

"लहानूभाऊ, गाडीचा नंबर अशुभ हाय म्हणणाऱ्या त्या पोट्ट्याले तुमी मागं सगळ्यांसमोर झापलं. अन् घरी पोट्टी अंकशास्त्र शिकून राहिली?"

"तसलं नाही ना. हे गणितातलं अंकशास्त्र हाय."

"सगळे तसंच म्हणतात, भाऊ. शास्त्र हाय, शास्त्र हाय."

सतरंजीचं दुसरं टोक धरलेला माणूसही हसला. लहानू घरी आला तो तापलेलाच.

"चेतना, सोड तो विषय. यंत्रांची शाळा घे. नोकरी तरी लागन."

"पापा, सीधी सी चीज़ है. कौन-सा नंबर किससे कटता है, मतलब पूरा भाग जाता है, कौन-सा किसी से नहीं कटता, और क्यों नहीं कटता."

"उपयोग काय त्याचा?"

"है. पासवर्ड-वासवर्ड में लगता है. पर उसके लिए नहीं लेना मुझे. मुझे अच्छा लगता है."

 नोकरी लागली म्हणून लहानू फिटर झाला होता. मराठी मुलखात बदली मिळेना म्हणून त्याने रायपूर आवडून घेतलं होतं. मायाला पाहायला गेला तेव्हा परतीची गाडी चुकू नये म्हणून पटकन हो म्हणाला होता. मायालाही हे ठाऊक होतं. तिलाही त्या दिवशी पाहुणे लवकर जायला हवे होते. आवडतं म्हणून, हे कारण या घरात पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्याला बसायला खुर्ची कुठली द्यावी ते कोणाला कळेना.

"घे मग," तो शेवटी म्हणाला.

"लेकिन दस बच्चे चाहिए, पापा. नौ ही हैं. कल तक दसवाँ नहीं मिला तो सब्जेक्ट खुलेगा ही नहीं."

संध्याकाळी श्यामकांत मोघ्यांचा फोन आला.

"लहानूजी, तुम्ही त्या दिवशी अंकशास्त्राचं बोललात, ते डोक्यात बसलं बघा. गंधालीला म्हटलं, तू पण तेच घे. दुकानाच्या पाटीतलं काहीतरी नडून राहिलंय, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. घरचीच जाणकार तयार झाली तर बाहेर कशाला विचारायचं? उद्या नाव भरते ती."

लहानूने फोन ठेवला. माया ऐकत होती.

"गप ऱ्हा आता," ती म्हणाली. "झाले ना दहा?"

"अंधश्रद्धेनं झाले."

"नऊ तरी कशानं झाले, विचारलं का तुमी?"

सकाळी त्याने स्कूटर काढली. चेतना फाटकाशी उभी होती. "सच बोल दोगे?" तिने विचारलं. "बोलाच लागन," तो म्हणाला. तिने फाटक उघडून धरलं. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुकानात काउंटरमागे गंधाली मोबाइल घेऊन बसली होती. लहानूने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"श्यामकांतजी, ते अंकशास्त्र नव्हे. शब्द माझा चुकला. त्यात नाव नाही, नशीब नाही, पाटी नाही. नंबर कशानं कटतो, तेवढंच हाय. पाटीसाठी पोरीले नका घ्यायले लावू."

जेवत्या माणसाने ताट ओढून नेणाऱ्याकडे पाहावं तसं गंधालीने त्याच्याकडे पाहिलं. हिलाही तोच विषय पाहिजे होता तर. लहानूला बाहेरच्या स्कूटरची आठवण झाली; लगेच निघावंसं वाटलं.

श्यामकांतांनी एका फ्रेमच्या काचा सावकाश पुसल्या.

"जागा कमी असतील ना?"

"जागा हायेत. पोट्टे कमी हायेत."

"लहानूजी, मी दुकानदार आहे. खोट्या मालाची जाहिरात होते. खरी विद्या ज्याच्या घरी असते तो म्हणतो, छे, यात काही नाही."

"अहो, मी खरंच सांगून राहिलो."

"तेच म्हणतो मी." ते नातीकडे वळले. "गंधाली, नाव भर. आत्ता, माझ्यासमोर."

"भर दिया, आजोबा."

बोट केव्हा हललं ते लहानूला दिसलंही नाही. तो उभाच होता. खरं ते त्याने स्पष्ट, मराठीत, मराठी माणसाला सांगितलं होतं. आयुष्यभर तो लोकांना खरं सांगत आला आणि कोणात काही फरक पडला नाही. आजही पडला नाही, याचं त्याला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली, पण फार नाही.

"बसा, चहा येतोय," श्यामकांत म्हणाले आणि आवाज खाली आणला. "एवढंच सांगा. पाटीवर ऑप्टिकल्समध्ये पी दोन करावे का?"

"एकच राहू द्या," लहानू म्हणाला. "अन् अक्षर मोठं करा. तुमची पाटी लोक चष्मा नसताना वाचतात."

श्यामकांतांनी डोळे मिटले आणि उपाय मिळाल्यासारखी हळूहळू मान डोलावली.