न भाजलेला राब

हे नारायणा, बीजाच्या पोटात रोप लपवणारा तू, अग्नीला दाह देणारा तू, आणि लेकराच्या जिभेवर प्रश्न ठेवणाराही तूच. तुझ्या चरणी माथा ठेवतो आणि ताराबाईंची कथा सांगायला घेतो.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्ता सोडून आत गेले की एक लहानशी वाडी लागते. तिथल्या शाळेत ताराबाई पोरांसाठी खिचडी शिजवतात. वय पंचावन्न, शिक्षण चौथीपर्यंत. ताटे घासून झाली की पोरे त्यांच्याभोवती बसतात आणि "असं झालं तर?" सुरू होते. ताराबाईंचे उत्तर ठरलेले असते. "माहीत नाय. करून बघू."

फिरती पृथ्वी एकाएकी थांबली तर काय होईल, असे एकदा पोरांनी विचारले. ताराबाईंनी त्यांना घरी नेले, ओटीवरच्या जात्यावर पाण्याने भरलेला टोप ठेवला, जाते गरगर फिरवले आणि खुंटा गच्च धरला. जाते थांबले, पाणी मात्र फिरतच राहिले आणि काठावरून उसळून पोरांच्या पायांवर आले. "आपण त्या पाण्यासारखे," एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या शब्दाला पोरांत गुरुजींच्या शब्दाइतके मोल आले.

चैत्रात पाचवीतल्या समीक्षाने विचारले, "आजी, राबाला आग लावलीच नाय तर?"

राब म्हणजे भाताची रोपे वाढवायचा वाफा. त्यावर शेण, वाळल्या फांद्या, पालापाचोळा आणि वरून माती पसरून उन्हाळ्यात तो भाजायचा, मग त्यात पेरायचे. वाडीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. न भाजल्यास तण माजते असे म्हणत, पण ते कोणी पाहिलेलेच नव्हते.

ताराबाईंनी घरी विषय काढला. त्यांचे यजमान कमळाकर तोंडाचे तिखट. "पोरांच्या प्रश्नावर भात पिकत नाय," ते म्हणाले. चार वाफ्यांपैकी एकच द्या, आवण, म्हणजे लावणीची रोपे, कमी पडले तर माहेरून आणीन, असे ताराबाईंनी सांगितले. कमळाकरांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तीनच वाफे भाजले. वाडीने थट्टा केली. शेजारची हिरी तर येता-जाता विचारी, "काय मास्तरीण, उगवलं का तुमचं उत्तर?"

ताराबाईंना थट्टेचे काही वाटले नाही. धास्ती एकाच गोष्टीची होती. पोरे आपल्या शब्दावर विसंबली आहेत. जे दिसेल ते त्यांना जसेच्या तसे दिसले पाहिजे.

पेरणी झाली, शाळा भरली, आषाढ लागला. न भाजलेला वाफा सुरेख दिसत होता. त्यात तण जवळजवळ नव्हतेच. पोरे हरखली, हिरीही गप्प झाली. रविवारी सकाळी येऊन रोपे मोजायचे ठरले.

शनिवारी संध्याकाळी ताराबाई टाकळ्याची भाजी खुडायला बांधापलीकडे गेल्या. तिथे ऐनाच्या झाडाखाली तणाचा ढीग पडला होता. तळातले तण कुजलेले, वरच्याच्या मुळांना अजून ओली माती. ताराबाई तिथेच उभ्या राहिल्या. आपण रोज नऊला शाळेत जातो, त्यानंतर शेतावर कोण असते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. आपले हसे होऊ नये म्हणून तो माणूस वाफ्यात वाकला होता. अबोला धरणाराही तोच होता. टाकळा न खुडताच त्या घरी परतल्या.

सकाळी पोरे मोजपट्टी घेऊन आली. कमळाकर बांधावर बसले होते. ताराबाई वाफ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "पोरांनो, हा वाफा खोटा झाला. याच्यातलं तण कोनीतरी काढलंय. आपलं उत्तर गेलं."

पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग कमळाकर पायाशी पाहत म्हणाले, "मी काढलं. आठ सकाळ वाकलो. कंबर अजून सरळ होत नाय."

समीक्षाने वही उघडली. "आजोबा, भाजलेल्या वाफ्यांना किती सकाळ लागल्या?"

"तिथं तण होतंच कुठं गो?"

"मंग गेलं कुठं उत्तर?" ती म्हणाली आणि लिहून घेतले: आग आठ सकाळींचं काम करते.

त्यावर ताराबाईंनी स्वतः मोजपट्टी घेतली. न भाजलेल्या वाफ्यातली रोपे इतरांपेक्षा दोन बोटे ठेंगणी आणि जरा पिवळी निघाली. ते समीक्षाने पुढे लिहिले. कोणीतरी लगेच विचारले की त्यात राख घातली असती तर? ताराबाईंनी तोंड उघडण्याआधीच कमळाकर गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"माहीत नाय," ते म्हणाले. "पुढल्या सालाला दोन वाफे घ्या. पन तण तुमी पोरांनी काढायचं."

ठेंगणी असली तरी रोपे लावणीला पुरली. माहेरी जावे लागले नाही.

हे नारायणा, या माउलीच्या हाताला चव दिलीस, जिभेला सत्य दिलेस. तिच्या घरधन्याच्या कमरेलाही थोडे बळ दे. त्यांच्या कणगीत भात असो, ओटीवर पोरांची वर्दळ असो, आणि "माहीत नाय" म्हणण्याचे धैर्य त्या घरातून कधी न सरो.